शिसं वाढवण्याआधी हवा काढ : थंड पाण्यातल्या वजनाचा हिशेब

सोलापूरचीच एक मुलगी सध्या इंग्लंडमध्ये शिकते आहे. पोहायला इथंच शिकली, स्कूबाचा पहिला कोर्स तारकर्लीला केला, पुढचा अंदमानात. स्कूबात खाली जायला अंगावर शिशाची वजनं लावतात. बीसीडी म्हणजे हवा भरून किंवा सोडून तरंगणं सांभाळायचं जाकीट, आणि ड्रायसूट म्हणजे आत पाणी शिरू न देणारा सूट. तिचा प्रश्न असा आहे :

"सर, अंदमानात तीन मिलिमीटरच्या सूटवर मला ४ किलो शिसं पुरायचं. इकडं ड्रायसूट घालून समुद्रात उतरले तेव्हा १४ किलो लावले आणि डाईव्ह बरी झाली. मग तेवढंच शिसं लावून पाण्यानं भरलेल्या एका जुन्या दगडखाणीत उतरले. आधी तर बुडतच नव्हते. खाली गेल्यावर बीसीडीत आणि सूटमध्ये सारखी हवा भरावी लागत होती. शेवटी सहा मीटरवर थांबायचं होतं, तर पाय वर झाले आणि थेट पृष्ठभागावर फेकली गेले. सोबतचे म्हणतात, शिसं कमी पडतंय, १६ लाव. उन्हाळ्यात आइसलँडला सिल्फ्रामध्ये, म्हणजे तिथल्या पाण्यानं भरलेल्या खडकातल्या भेगेत, उतरायचा बेत आहे. नक्की किती लावू?"

१६ नको. खाणीत तुला १४ सुद्धा जास्तच झाले होते. समुद्रात मात्र तेच १४ जवळपास बरोबर होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते कळलं की पुढचा आकडा तुझा तुलाच काढता येईल.

बुडत नव्हतीस आणि शेवटी वर फेकली गेलीस, एवढंच ऐकलं तर कुणीही शिसं कमी पडलं असंच म्हणेल. पण सिलिंडरचा हिशेब मांडून बघ. तुमच्याकडं बहुतेक १२ लिटरचा स्टीलचा सिलिंडर असतो. २०० बार दाबाला (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) त्यात २४०० लिटर हवा मावते. एका लिटर हवेचं वजन साधारण १.२ ग्रॅम, म्हणजे नुसती हवाच पावणेतीन किलोच्या वर भरते. ५० बार उरतात तेव्हा त्यातली जेमतेम ७०० ग्रॅम शिल्लक असते. म्हणजे पाण्यात शिरताना तू शेवटापेक्षा दोन किलोंहून जास्त जड असतेस. सुरुवातीला बुडत नव्हतीस ते खरंच शिसं कमी पडल्यामुळं असतं, तर खाली गेल्यावर बीसीडीत सारखी हवा भरायची वेळ आलीच नसती. तू जी हवा भरत होतीस ती जादा शिशाला उचलून धरायला लागत होती. तुझ्या प्रश्नातलं हे मधलं वाक्यच सगळ्यात कामाचं आहे आणि सल्ला देणाऱ्यांनी नेमकं तेच सोडून दिलं.

आता थंड पाण्यात शिसं वाढतंच का, ते बघू. "गार पाणी घट्ट असतं, म्हणून जास्त तरंगवतं" असं बरेच जण ठामपणे सांगतात. चूक नाही, पण हिशेबात न धरण्याइतकं किरकोळ आहे. ४ अंशांना पाण्याची घनता सर्वांत जास्त असते आणि २५ अंशांच्या पाण्याशी फरक असतो सुमारे ०.३ टक्के. माणूस आणि सामान मिळून शंभर लिटर पाणी बाजूला सारत असतील, तर हा फरक ३०० ग्रॅमचा. ४ किलोंचे १४ त्यानं होत नाहीत. ते होतात थंडीपासून वाचायला आपण अंगावर जी हवा नेसतो तिच्यामुळं. ऊब धरते ती हवाच, कापड नुसतं तिला जागेवर ठेवतं. आणि जी हवा ऊब देते तीच वर ओढते. या दोन्हींत तडजोड होत नाही. गरम राहायचं तर शिसं उचलावं लागणार.

ही हवा दोन प्रकारे नेसता येते. वेटसूटच्या, म्हणजे आत पाणी येऊ देणाऱ्या सूटच्या, निओप्रीन रबरात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला सुका भोपळा बांधायचे. सात मिलिमीटरचा सूट हा तसलाच भोपळा आहे, फक्त हा खाली जाताना आक्रसतो आणि वर येताना फुगतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो, तेव्हा बुडबुड्यांचं आकारमान निम्म्याच्या आसपास येतं. ३० मीटरवर दाब चौपट होतो आणि सूट अंगावर पातळ रबरासारखा राहतो. तरंग, म्हणजे वर ओढणारी ताकद, जातो आणि ऊबही जाते. म्हणून जाड वेटसूटवाल्याला पृष्ठभागावरून बुडायला जेवढं शिसं लागतं तेवढं तळाशी लागत नाही, आणि तिथं जादा ठरलेलं शिसं बीसीडीत हवा भरून तोलावं लागतं. यावर उपाय नाही, फक्त जाणीव ठेवायची.

ड्रायसूटची तऱ्हा वेगळी. खाली जाताना सूट अंगाला आवळायला लागतो, तेव्हा छातीवरच्या व्हॉल्व्हनं आपण थोडी हवा आत सोडतो. आवळणं थांबेल एवढीच हवा सोडली तर आतल्या हवेचं आकारमान वरपासून खालपर्यंत जवळजवळ तेवढंच राहतं. म्हणजे तरंगही तेवढाच राहतो. नीट वजन केलेल्या ड्रायसूटवाल्याला बीसीडी फक्त सिलिंडरमधल्या हवेच्या वजनापुरता लागतो, सुरुवातीला दोन-सव्वादोन लिटर आणि शेवटी जवळपास शून्य. तुझ्या बीसीडीत याहून बरीच जास्त हवा होती.

आता खारं आणि गोडं. इथंच तुझं गणित चुकलं आणि ते तुझ्या लक्षात आलं नाही, कारण तारकर्ली, अंदमान सगळीकडं समुद्रच होता. शाळेच्या विज्ञानात प्लावक बल शिकतो ते आठव : वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते तेवढ्या पाण्याच्या वजनाइतकं ते बल असतं. गोड्या पाण्याचं एक लिटर एक किलो, समुद्राचं साधारण १.०२५ किलो. शंभर लिटर पाणी सारणाऱ्या माणसाला समुद्रात अडीच किलो जास्त तरंग मिळतो. खाण म्हणजे पावसाचं आणि झऱ्याचं गोडं पाणी. समुद्रातलं शिसं उचलून तसंच खाणीत नेलं म्हणजे अडीच किलो फुकट वाहिले.

तुझा हिशेब अंदाजानं मांडतो. आकडे माझे धरलेले आहेत, तुझे तू मोजायचे. ड्रायसूट आणि आतला जाड सूट मिळून, आवळणार नाही एवढीच हवा ठेवली तर १२ किलो वर ओढतात असं धरू. हूड (डोक्यावरची टोपी), हातमोजे आणि बूट दीड किलो. बीसीडीचा फोम आणि कापड पूर्ण भिजल्यावर अर्धा किलो. झाले १४. आता खाली ओढणाऱ्या गोष्टी. ५० बार उरलेला स्टीलचा सिलिंडर साधारण दोन किलो, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारं यंत्र) आणि टॉर्च मिळून दीड. अंग सहज श्वासावर गोड्या पाण्यात ना वर ना खाली असं धरलं, तर उरले साडेदहा किलो. पण शिसं स्वतःही पाणी सारतं. एक किलो शिसं पाण्यात सुमारे ९१० ग्रॅमचंच काम करतं. म्हणून साडेदहाला लागणार साडेअकरा. समुद्रात अडीच-पावणेतीन वाढव, की आले १४. समुद्रातली डाईव्ह "बरी झाली" असं तू लिहिलंयस, ते उगाच नाही.

अंग मी शून्य धरलं, पण ते माणसागणिक बदलतं. चरबी तरंगते, स्नायू आणि हाडं बुडतात. तुझ्याच उंचीचा आणि वजनाचा एखादा पोरगा तीन किलो कमी लावून उतरत असेल. त्याचा आकडा तुझ्या काहीच कामाचा नाही. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के शिसं लावा, हा नियमही मी सांगत नाही. त्यात ना सूट आला, ना सिलिंडर, ना पाणी.

मोजायचं कसं? प्रवासी बॅग लटकवून वजन करायचा हुकाचा डिजिटल काटा घे. सोलापुरात हे काम मी घराच्या हौदात करतो, तुला तिकडं बाथटब चालेल. जाळीच्या पिशवीत १० किलो शिसं घाल, पिशवी पाण्यात पूर्ण बुडवून काट्याला टांग. काटा ९.१ च्या आसपास दाखवेल. आता त्याच पिशवीत हूड, हातमोजे, बूट कोंब. पाण्याखाली प्रत्येक वस्तू पिळून आतले बुडबुडे निघू दे. हातमोज्यांच्या बोटांत आणि हूडच्या शेंड्याला हवा हटकून अडकते. काटा जेवढा कमी होईल तेवढा त्या सामानाचा तरंग. काटा पाण्यात बुडवू नको, दोरी लांब ठेव, आणि पिशवी तळाला किंवा कडेला टेकली तर आकडा खोटा येतो. वेटसूटही असाच मोजता येतो, पण त्याला शिसं जास्त लागेल आणि टबसुद्धा मोठा. बीसीडीचा मात्र फोम भिजायला वेळ लागतो, म्हणून तो अर्धा तास पाण्यात ठेवून मग मोज. ५० बारचा सिलिंडर रेग्युलेटरसकट थेट काट्याला टांगता येतो. हे सगळं एकदाच करायचं आणि लिहून ठेवायचं.

ड्रायसूटचं मोजमाप असं होत नाही. तो अंगावर असतानाच त्याच्यात किती हवा राहते ते ठरतं. त्याचा आकडा पाण्यातच मिळतो आणि डाईव्हच्या शेवटीच मिळतो.

त्याची पद्धत अशी. खाली सोडलेल्या दोरीजवळ किंवा उताराच्या तळाजवळ, तीन ते पाच मीटरवर, सिलिंडरमध्ये ५० बारच्या आसपास असताना थांब. सोबत्याला आधी सांगून ठेव. बीसीडी पूर्ण रिकामा कर, म्हणजे खरंच पूर्ण. खांदा फिरवून मागचा डंप व्हॉल्व्हही (हवा सोडायची झडप) ओढ, कारण कोपऱ्यात अर्धा लिटर लपून बसतो. ड्रायसूटचा डाव्या दंडावरचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, डावा खांदा सगळ्यात वर. सूट अंगाला लागेल पण चिमटा घेणार नाही एवढाच राहू दे. मग पाय न मारता सहज श्वास घे. श्वास आत घेतल्यावर किंचित वर, सोडल्यावर किंचित खाली, असं होत असेल तर तुझं वजन बरोबर. सरळ खाली चाललीस तर एक किलो काढून सोबत्याकडं दे आणि पुन्हा बघ. छाती रिकामी ठेवल्याशिवाय थांबताच येत नसेल तर एक किलो कमी आहे. एकेक किलोचे तुकडे क्लिपला लावून दोरीवर अडकवून ठेवले की पाण्याबाहेर न येता हे उरकतं. एका डाईव्हला एक, फार तर दोन किलोंचा फेरफार करायचा. चार किलो एकदम काढायचे किंवा घालायचे नाहीत.

पृष्ठभागावरची जुनी चाचणी तुला माहीत आहे : बीसीडी रिकामा, श्वास धरलेला, पाणी डोळ्यांच्या पातळीवर, आणि सिलिंडर भरलेला असेल तर वर दोन किलो. पातळ सूटमध्ये ती छान चालते. ड्रायसूटमध्ये ती मी फक्त ढोबळ अंदाजापुरती धरतो, कारण त्या क्षणी सूटमध्ये किती हवा अडकली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

थंड पाण्यात मी स्वतः ५० बारपेक्षा थोडं खालचं गणित धरतो, जवळपास रिकाम्या सिलिंडरचं. रेग्युलेटर गोठून हवा सुटायला लागली तर सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होतो, आणि नेमक्या त्या वेळी तुला वर थांबता यायला हवं. ५० बार आणि रिकामा यातला फरक ७०० ग्रॅम. तेवढं शिसं जादा ठेवायला माझी हरकत नाही. पण शिशाच्या बाबतीत मुभा तेवढीच, त्यापुढं नाही.

मग सुरुवातीला तू बुडत का नव्हतीस? तीन कारणं, तिन्ही एकदम. पहिलं, सूटमधली हवा. पाण्यात शिरण्याआधी उकिडवी बस, गुडघे छातीशी घट्ट धर, मानेच्या सीलमध्ये, म्हणजे गळ्याला घट्ट बसणाऱ्या पट्टीत, एक बोट घालून ते जरासं उचल. आतली हवा फुसकन निघते. बोट काढ आणि मग उभी राहा. हे न करता उतरलं तर चार-पाच लिटर हवा सूटच्या घड्यांत तशीच राहते. पाण्यात शिरल्यावर सूट अंगाला चिकटेपर्यंत डावा कोपर वर धरून थांबायचं. व्हॉल्व्ह जिथं आहे ती जागा सगळ्यात उंच नसेल तर हवा बाहेर येणारच नाही, तो कितीही उघडा असला तरी.

दुसरं, श्वास. थंड पाणी तोंडावर आपटलं की माणूस घाईनं श्वास आत ओढतो आणि अर्धवटच सोडतो. छाती वरच्या वर भरलेली राहते. पूर्ण आत घेतलेला आणि पूर्ण सोडलेला श्वास यात तुझ्या बांध्याच्या मुलीत तीन लिटरच्या आसपास फरक असतो, म्हणजे तेवढेच किलो. पृष्ठभागावर अर्धा मिनिट चेहरा पाण्यात ठेवून श्वास शांत होऊ दे, आणि उतरताना पूर्ण सोडून क्षणभर तसंच थांब. लगेच आत घेतलास की पुन्हा वर.

तिसरं, पाय. उभ्या अवस्थेत थोडे जरी फिन्स (पायांतली वल्ही) हलवले तरी ते वरच ढकलतात आणि आपल्याला ते जाणवतही नाही. घोट्यावर घोटा ठेव, झालं. पहिले दोन मीटर जायला वेळ लागतो, तो लागू दे. त्या दोन मीटरची घाई करायला म्हणून लोक दोन किलो शिसं विकत घेतात आणि मग सगळी डाईव्ह ते वाहतात. मला याचा खरोखर राग येतो. प्रशिक्षकांचाही त्यात हात असतो. नवशिक्या पटकन खाली गेला की सगळा गट पटकन खाली जातो, आणि जादा शिशाचा त्रास पुढं ज्याचा त्याला.

तो त्रास कसा होतो ते तुझ्या शेवटच्या सहा मीटरमध्ये बघ. खोलवर हवेचं आकारमान हळू बदलतं. ३० वरून २० मीटरवर आलं तर दाब ४ बारवरून ३ वर येतो आणि हवा एक तृतीयांशानं फुगते. १० वरून पृष्ठभागावर आलं तर तेवढ्याच अंतरात ती दुप्पट होते. म्हणून बॉयन्सीचं, म्हणजे तरंग सांभाळायचं, खरं काम उथळ पाण्यात असतं. सहा मीटरवर दाब १.६ बार, तीन मीटरवर १.३. तुझ्या सूटमध्ये १२ लिटर हवा होती असं धरलं, तर तीन मीटर वर येताच ती पावणेपंधरा लिटर होते. जवळपास तीन किलोंचा जादा उचल. व्हॉल्व्हनं ती वाटेतच सोडली तर काहीच होत नाही. पण तुझे पाय वर झाले होते. हवा सगळी पायांकडं गेली आणि व्हॉल्व्ह राहिला खाली खांद्याजवळ.

यात जादा शिशाचा संबंध असा, की सूटमध्ये गरजेपुरती हवा असते तेव्हा ती आतल्या जाड सूटच्या तंतूंत धरलेली असते, फारशी हलत नाही. त्यावर तू जादा शिसं तोलायला आणखी अडीच लिटर आत सोडलीस. ती मोकळी हवा. मान खाली केली की ती पायांत, पाय खाली केले की मानेत. फेकलं जाणं बहुतेक वेळा या मोकळ्या हवेपासून सुरू होतं, मग बाकीची फुगते. शिवाय बीसीडीतही हवा होती, म्हणजे एकाच वेळी दोन व्हॉल्व्ह सांभाळायचे, तेही जाड हातमोजे घालून.

पाण्याखाली बॉयन्सी सूटनं सांभाळावी की बीसीडीनं, यावर शिकवणाऱ्यांमध्ये दोन तट आहेत. काही ठिकाणी बीसीडी फक्त पृष्ठभागापुरता, खाली सगळं सूटनंच, असं शिकवतात. मी सूटमध्ये आवळणं थांबेल आणि ऊब राहील एवढीच हवा ठेवतो आणि उरलेलं बीसीडीत. पण वजन बरोबर असेल तर हा वाद दोन लिटर हवेचा उरतो आणि दोन्ही पद्धती चालतात. जादा शिसं असेल तर दोन्ही बिघडतात.

पाय वर जायला लागले की पहिल्या क्षणी गुडघे छातीशी घे, अंग गोळा करून कोलांटी मार आणि डोकं वर आलं की लगेच डावा कोपर उंच धर. उशीर झाला की सूटचे पाय फुगतात, फिन्स निसटायला येतात आणि मग पाय खाली घेता येत नाहीत. हे पोहण्याच्या तलावात, सोबत कुणी असताना, मुद्दाम पाय फुगवून शिकायचं असतं. घोट्याला अर्धा-अर्धा किलोची वजनं लावतात, मला ती फारशी आवडत नाहीत, कारण प्रत्येक पायाच्या फटक्याला ती उचलावी लागतात. सूटचे पाय ढगळ असतील तर आधी ते पट्ट्यांनी आवळून बघ. आणि वर येताना हवा आधी सोडायची, मग वर जायचं. वर जायला लागल्यावर सोडायची नाही. शेवटचे पाच मीटर एक मिनिट लागू दे.

थंडीचा आणखी एक मुद्दा वजनाशीच जोडलेला आहे. सिलिंडरमधली हवा दाब कमी होताना थंड होते. पाणी १० अंशांखाली असेल तर रेग्युलेटरच्या पहिल्या टप्प्यावर (सिलिंडरला जोडलेल्या भागावर) बर्फ धरू शकतो आणि व्हॉल्व्ह उघडाच अडकून हवा वाहायला लागते. हवेचा प्रवाह जितका जास्त तितकी ही शक्यता जास्त. श्वास ओढता ओढता इन्फ्लेटर (हवा भरायचं बटण) लांबवर दाबून धरणं हे त्याचं आवडतं निमंत्रण. म्हणून थंड पाण्यात इन्फ्लेटर टिचक्या मारल्यासारखा वापरायचा, श्वास सोडताना, एकेक सेकंद. ज्याच्याकडं जादा शिसं आहे त्याला जास्त वेळा दाबावा लागतो. इन्फ्लेटर उघडाच अडकला तर त्याची नळी खेचून काढता आली पाहिजे, सूटची आणि बीसीडीची दोन्ही, हातमोजे घालून, डोळे मिटून. घरी बसून याचा सराव कर. काही नळ्यांची कडी इतकी बारीक असते की पाच मिलिमीटरच्या मोज्यात सापडतच नाही. तशी असेल तर मोठ्या कडीची नळी घे.

शिसं कुठं लावायचं हेही बघ. ११-१२ किलो एका पट्ट्यावर लावलं तर कंबर तुटते आणि निसरड्या ड्रायसूटवरून पट्टा घसरतो. थोडं खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसवर, थोडं बीसीडीच्या खिशांत, एक-दोन किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर, अशी वाटणी कर. पाठीशी स्टीलची बॅकप्लेट (पत्र्याची पाठ) असेल तर दोन-अडीच किलो तिनंच भागतात. टाकता येण्याजोगं शिसं एवढं असावं, की पृष्ठभागावर ते टाकलं तर डोकं आरामात पाण्याबाहेर राहील. पण सगळंच एका झटक्यात सुटणारं नको. खाली चुकून सुटलं तर जाशील थेट वर. आणि बीसीडीची उचलण्याची क्षमता बघून घे. ड्रायसूट फाटून पाण्यानं भरला तर आत शिरलेलं पाणी तुला बुडवत नाही, पण सूटचा १२ किलोंचा तरंग जातो. तेवढं एकट्या बीसीडीनं उचललं पाहिजे. प्रवासी हलका बीसीडी इथं कमी पडतो.

सुट्टीत सोलापूरला आलीस की सराव कुठं करू, असंही पुढं विचारशील. ड्रायसूट आणू नकोस. मे महिन्यात ४२ अंशांत आतला जाड सूट घालून तलावापर्यंत चालत जायच्या आधीच भोवळ येईल. साध्या कपड्यांत, जलतरण तलावात, फिन्स न हलवता फक्त श्वासावर एका जागी थांबायचा सराव कर. तो सगळीकडं कामाला येतो. उजनीच्या बॅकवॉटरमध्ये बुडालेली देवळं, गावं बघू या, असा प्रस्ताव कुणी ना कुणी दर वर्षी आणतो. गढूळ पाणी, मासेमारीची जाळी, बुडालेली झाडं. नाही म्हणून सांग.

सिल्फ्राबद्दल. पाणी वर्षभर २ ते ४ अंश, हिमनदीचं वितळलेलं, खडकातून गाळून आलेलं, पूर्ण गोडं. म्हणजे तुझा हिशेब खाणीचा, साडेअकराच्या आसपासचा, समुद्राचा नाही. तिथं ड्रायसूटचा अनुभव मागतात आणि १८ मीटरच्या खाली जाऊ देत नाहीत. बराचसा मार्ग त्याहून पुष्कळ उथळ आहे, खडकावरून वर-खाली करत जाणारा. म्हणजे वर सांगितलेला सगळ्यात अवघड पट्टाच तिथं जवळजवळ पूर्ण डाईव्हभर असतो. पाणी इतकं स्वच्छ असतं की खोलीचा अंदाज डोळ्यांनी येत नाही, म्हणून नजर खोली दाखवणाऱ्या डाईव्ह कॉम्प्युटरवर ठेव.

त्याआधी त्याच खाणीत १२ किलो लावून, प्रशिक्षकाला सांगून, दोरीजवळ शेवटची चाचणी करून घे. जे निघेल ते लॉगबुकात लिही : पाणी गोडं की खारं, सूट आणि आतले कपडे कोणते, सिलिंडर कोणता, शेवटी किती बार, शिसं किती. आतला सूट जाड घेतलास की हा आकडा पुन्हा काढायचा. सिल्फ्रात सूट भाड्याचा असेल, तर लॉगबुकातला आकडा तिथल्या गाइडला दाखव आणि पृष्ठभागावर तपासून मगच निघ. सिलिंडर कुठला देणार ते आधीच ई-मेल करून विचारून ठेव. नेहमीचा ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा असेल तर तो शेवटी बुडायच्या ऐवजी तरंगायला लागतो, आणि स्टीलच्या हिशेबात अडीच-तीन किलो शिसं वाढवावं लागेल.